‘वेडी’ नावाची पाटी

माझ्या मुलीच्या चित्राखाली ‘वेडी’ अशी पाटी लावलीय, हे सून संग्रहालयात जाऊन बघून आली आणि तिनं मला सांगितलं. तिला वाटलं, मी रडेन. मी चपला घातल्या.

संग्रहालय म्हणजे जुनी कापडगिरणी, आतून पांढरीफटक करून घेतलेली. माझा दीर आणि त्याचे चार मित्र, अशा पाच चित्रकारांचं सगळं तिथे मांडलंय. आमच्या घरामागच्या शेडमध्ये बसून रंगवायचे. म्हणायचे, डोळ्यांना दिसतं ते नाही, पोटात कालवतं ते काढायचं. झाडं जांभळी, रस्ते वाकडे, माणसांची तोंडं शेवाळल्यासारखी. माझ्या हातचं जेवायचे आणि माझंच तोंड पिवळं करून ठेवायचे. आता लोक त्यांच्यापुढे कुजबुजत उभे राहतात, दवाखान्यात पेशंट बघायला आल्यासारखे.

ती तिसऱ्या खोलीत होती. खाटेवर, गळ्यापर्यंत चादर, तोंड हिरवं, डोळे खोल गेलेले. खाली पाटी: ‘वेडी. मनोरुग्णालयातील स्त्री.’ माहिती देणारी बाई चार-सहा लोकांना म्हणत होती, “हिच्या नजरेतला उन्माद बघा.”

“उन्माद नाही, कावीळ आहे ती,” मी म्हटलं. “आणि स्त्री कसली? सतरा वर्षांची पोर.”

सुनेनं माझं कोपर धरलं. “आई, जरा हळू.”

“हळू बोलून आजवर कुणाचं भलं झालंय?”

आम्हाला ऑफिसात नेलं. तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, पाणी दिलं. “आजी, चित्राच्या पाठीवर चित्रकारांनी स्वतःच्या हातानं ‘वेडी’ लिहिलंय.”

“लिहिणारच. माझा दीर तिला तशीच हाक मारायचा. वेडे, इकडे ये. वेडे, ब्रश धुऊन आण. आणि ही खुदकन हसायची. तुमच्या घरी लाडानं कुणी कुणाला वेडी म्हणत नाही? सगळे शहाणेच जन्मले?”

तो हसला. मग कपाटातून एक फाइल काढली आणि त्याचं हसू मावळलं. “त्यांच्या पुतणीचा विचार आम्हीही केला होता. पण त्यांच्या वहीत असं आहे. वाचून दाखवू?”

“चौथीपर्यंत गेलेय मी. आणा इकडे.”

दिराचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या. तरी लागलं. ‘चित्र वहिनींना दाखवलं. म्हणाल्या, ही माझी मुलगी नाही, घेऊन जा. पुन्हा विषय काढला नाही.’

“घरच्याच माणसानं नाही म्हटल्यावर…” साहेब एवढंच बोलला.

सून माझ्याकडे बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं. आता नवरा नाही, दीर नाही, पाचांतला कुणीच नाही. सांगणारी उरले मी, आणि माझंच बोलणं माझ्या आड आलेलं.

“म्हणजे तेव्हा तुम्ही ओळखलं नव्हतं?” साहेबानं विचारलं.

“माझ्या पोटची पोर. कसलाही रंग फासा, ओळखेन.”

“मग नाही का म्हणालात?”

“ते तुम्हाला काय करायचंय?”

“मला नाही, आजी. फॉर्मवर विचारलंय. आधीचं म्हणणं बदलायचं तर कारण लागतं. कारणाशिवाय समिती पाटीला हात लावणार नाही.”

त्यानं कागद पुढे सरकवला. सून म्हणाली, “मी लिहू का, आई?”

“तू काय लिहिणार? तू होतीस तेव्हा?”

नाव, नातं, वय, आजार, एवढं झरझर लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. चित्र वाईट होतं म्हणून, असं लिहावं वाटलं. पण ते खोटं. दीर ओलं चित्र घेऊन स्वयंपाकघरात आला, तेव्हा ती पलीकडच्या खोलीतून पाणी मागत होती. खाटेवर जे होतं तेच त्यानं काढलं होतं. वेगळं काही दिसत होतं ते मला एकटीला. पुढे बाराव्या दिवशी ती गेली.

साहेब घड्याळाकडे न बघता बसून राहिला, हे त्याचं चांगलं.

मी लिहिलं: ‘ती तेव्हा जिवंत होती. बरी होईल, असं मी सगळ्यांना सांगत होते.’

खाली सही केली. माझा हात थरथरला, असं सून घरी सांगत होती. टेबल डुगडुगत होतं.