पंधराजणींचा श्वास

लेहमधला बर्फावरच्या हॉकीचा पहिला सामना आम्ही नऊ-शून्यने हरलो आणि त्या दुपारपासून आमच्या तिकडीत मिळून एकच श्वास उरला. तो आम्ही पाळीपाळीने घ्यायचो. मधे शाहीन, उजवीकडे ओवी, डावीकडे मी. चकतीबरोबर श्वासही जायचा. शाहीनने काठीने चकती माझ्याकडे ढकलली की माझ्या छातीत हवा यायची आणि मी ती ओवीकडे दिली की छाती रिकामी. मैदानाबाहेर शाहीन खांद्याला हात लावून द्यायची.

"उंचीवर असं होतं," आमचे प्रशिक्षक ढवळे सर म्हणाले. "पाणी प्या. निदान आता तरी एकमेकींना पास द्याल."

आणि दिले. आम्ही पुण्याच्या मुली, चाकांवर हॉकी खेळत वाढलेल्या. गोठलेलं तळं पाहिलं तेच मुळी त्या आठवड्यात. पण दुसऱ्या सामन्यात आमच्या तिकडीने दोन गोल केले, कारण चकती अडवून ठेवणं तिघींपैकी कुणालाच परवडत नव्हतं. बाकीच्या मुली आपापल्या श्वासावर खेळत होत्या आणि नेहमीसारख्या एकमेकींवर आदळत होत्या. पाच-दोनने हरलो.

मला हे वाटून घेणं मुळीच आवडत नव्हतं. मैदानाबाहेर श्वास माझ्याकडे सगळ्यांत शेवटी यायचा, उष्टा. त्याला ओवीच्या आल्याच्या गोळ्यांचा वास असायचा. जेवताना तर शाहीन दोन पोळ्या संपेपर्यंत तो स्वतःकडेच ठेवायची. मी ताटावर चमचा वाजवायचे. बोलायला श्वास लागतो.

"थांब की जरा," ती म्हणायची. "तुला मेलीला कायमची घाई."

तिसऱ्या सामन्यात माझ्यामुळे घात झाला. पुण्यात आमच्या सरावाच्या सिमेंटच्या मैदानाला डाव्या कोपऱ्यात एक खड्डा आहे. तो चुकवून वळायची सवय अंगात इतकी मुरलीय की बर्फावरही मी त्या कोपऱ्यात मोठा वळसा घातला. तिथे काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत बर्फ. समोरच्या संघातली स्टॅन्झिन मधून सरळ आत शिरली आणि चकती घेऊन गेली. श्वासही गेला. तिने गोल केला, मग मागे वळून आमच्या तिघींची निळी पडलेली तोंडं पाहिली.

"ये आपका है?" तिने विचारलं आणि माझ्या खांद्याला हात लावून परत केला.

त्या दुपारी सरांनी तिकड्या मोडल्या. जेवणाच्या रिकाम्या ताटात जर्दाळूच्या बिया मांडून ते बराच वेळ सरकवत बसले. आधी तीन-तीन, मग सहा, मग सगळ्या एका रांगेत.

"उद्यापासून पंधराजणींची एकच ओळ," ते म्हणाले. "तिघींचं जमतं तर पंधराजणींचं का नाही जमणार?"

"सर, मग माझ्यापर्यंत कधी येणार?"

"तू आपली डावीकडेच राहा."

सकाळी उठलो तेव्हा संघात एकच श्वास होता. दात घासण्याच्या रांगेत मी दोनशे दहापर्यंत आकडे मोजले, तेव्हा कुठे तो माझ्यापर्यंत आला. मी एक घोट घेतला आणि लगेच पुढे द्यावा लागला. दिवसभर मी एका जागी बसू शकले नाही.

त्या दिवशीच्या सामन्यात मात्र आम्ही कमाल केली. चकती क्षणभरही कुठे थांबली नाही. बाकावरच्या मुली हातमोज्यांतून श्वास घेत होत्या आणि देत होत्या. तीन-तीन अशी बरोबरी झाली. प्रेक्षक हळूहळू गप्प झाले. खेळ आवडला असेल, असं मला वाटलं. समोरच्या मुलीही आमच्यासारख्याच तोंडं उघडी ठेवून हळूहळू घसरू लागल्या होत्या.

शेवटच्या मिनिटाला शाहीनने चकती माझ्याकडे दिली. माझी छाती तळापर्यंत भरली. एवढा मोठा श्वास मी कधीच घेतला नव्हता. त्यात आलं होतं, ओली लोकर होती, लोणी घातलेला खारा चहा होता, कुणाच्या तरी घरातल्या शेगडीचा धूर होता. समोर गोल उघडा होता. मारला असता तर चकतीबरोबर हेही जाळीत गेलं असतं.

शाहीनने बर्फावर काठी आपटली. मला दे. पुन्हा आपटली. मला तिचा राग आला आणि माझी मलाच लाज वाटली. तरी चकती मी काठीखाली दाबून धरली.

वेळ संपली. पंचांनी शिट्टी ओठांना लावली, पण ती वाजली नाही. शिट्टी वाजल्याशिवाय सामना संपत नाही. ते तशीच ती तोंडात धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे स्टॅन्झिन, तिच्यामागे ओवी, मग ढवळे सर. रांग कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेली होती आणि तिचं टोक दिसत नव्हतं. कुणी ढकलाढकली करत नव्हतं.

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

शाहीन रांगेत आली नाही. ती बर्फावर गुडघे टेकून होती तिथेच काठी आपटत राहिली, एकदा, मग बऱ्याच वेळाने आणखी एकदा.