खिडकीजवळची जागा

यमुताईंनी पदराला हात पुसले आणि मगच ते निळं पुस्तक हातात घेतलं. धाकटी जाऊ शामला त्यांच्या अगदी बाजूला उभी राहिली, पान फाटेल की काय अशा काळजीने.

"हे पाहा ताई. हा ह्यायचा फोटू, अन् बाजूले माझा."

यमुताईंचा दीर रवींद्र कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर होता. गेल्या महिन्यात तो लंडनहून ट्रेनिंग करून परतला आणि तेव्हापासून हा पासपोर्ट कॉलनीत येईल त्याला पाहावा लागत होता. त्या काळी नवरा-बायकोचा मिळून एकच पासपोर्ट निघे. लंडनला तेव्हा व्हिसाही लागत नसे; एवढं पुस्तक दाखवलं की झालं, हे शामलाने काल सांगितलं होतं आणि आज पुन्हा सांगितलं.

रवींद्रच्या कॉलेजचा डबा यमुताईंनी भरला होता. आणि फोटो हिचा. या खेपेला तो एकटाच गेला, हे खरं. पण फोटो लागलाय म्हणजे पुढच्या खेपेला बाईसाहेब विमानात बसणारच.

"चांगला आला फोटू," यमुताई म्हणाल्या. पोटात जे दुखायला लागलं होतं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

इंदोरा वस्तीतले नत्थूजी दरवर्षी बोधगया, सारनाथ, कुशीनगरला यात्रेची गाडी नेत. यंदा त्यांनी लुंबिनीही धरली होती.

"लुंबिनी नेपाळात ना गा, भाऊ?" यमुताईंनी विचारलं. "मंग पासपोर्ट कुठून आणू?"

"काही लागत नाही, बाई. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. आपल्या लोकायले तिथं सरळ जाता येते."

यमुताईंच्या नवऱ्याला, शालिकरामला, फिटरच्या कामातून रजा मिळाली नाही, तर यमुताईंनी एकटीचं नाव घातलं. भगवान बुद्धांच्या जन्मस्थानाची ओढ होतीच. पण शामलाच्या आधी आपण परदेशी पाय ठेवणार, याची गोडी त्याहून तसूभर जास्त होती. ती गोडी एकटीने चाखण्यात काय मजा? त्या तडक शामलाकडे गेल्या.

शामलाने सगळं ऐकून घेतलं. मग भाजीची परात खाली ठेवली.

"पासपोर्ट खरंच लागत नाही?"

"नाही."

"मंग मले बी घेऊन चला न ताई. एखादी सीट असन."

यमुताई तिच्याकडे पाहतच राहिल्या. लंडन हिच्या पदरात पडलेलंच आहे, आता नेपाळही हवं. आपल्या वाट्याला एक गोष्ट राहू देईल तर शप्पथ.

"सीटा भरल्या वं," त्या म्हणाल्या. "म्या नत्थूजीले विचारलं."

विचारलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा यमुताईंच्या शेजारी खिडकीजवळची जागा रिकामीच होती. तिथे त्यांनी आपली कापडी पिशवी ठेवली.

सरहद्दीवर विचारतील म्हणून यमुताईंनी नाव, गाव, नवऱ्याचं नाव मनात घोकून ठेवलं होतं. नेपाळच्या शिपायाने गाडीत डोकं घातलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हात हलवला. गाडी पुढे गेली. एवढ्यावर परदेश सुरू झाला, याचा त्यांना थोडा रागच आला.

त्या परतल्या त्याच दुपारी शामला आली. यमुताईंनी तिच्या हातावर लुंबिनीचं पिंपळपान ठेवलं. शामलाने ते कपाळाला लावलं.

"तिकडे काय काय विचारलं, ताई?"

सांगण्यासारखं यमुताईंनी बरंच जुळवून आणलं होतं. पण शामला एवढं जीव लावून पाहत होती, की त्यांना खोटं सुचेना.

"काहीच नाही विचारलं."

"कोणासंगं आली, नवरा कुठं हाये, असं बी नाही?"

"काहीच नाही."

शामला पानाचा देठ बोटांत फिरवत राहिली.

"माझं त्या पुस्तकात तसं नाही. हे संगं असन तरच मी चालते. एकटीले त्याच्यावर कुठंच जाता येत नाही. पुढच्या खेपेले नेता काय म्हणून इचारलं, तर म्हणते, तुले तिथं काय कराचं हाये." ती किंचित हसली. "माझा फोटू ह्यायच्या खिशातून लंडन पाहून आला, ताई. मी इथंच."

शामलाने पान जपून पदराच्या टोकात बांधलं.

"म्हणून म्हटलं होतं तुमच्यासंगं येतो. तुमच्यासंगं म्हटल्यावर ह्यायनं हो म्हटलं असतं. पण गाडी भरली, तर तुमी तरी काय करान?"

"हो न," यमुताई म्हणाल्या. "पाय ठेवाले जागा नव्हती."

आणि दाराशी ठेवलेली कापडी पिशवी त्यांनी पायानेच हळूहळू खाटेखाली सारली.