डाळ शिजणारं पाणी

मुक्ताबाईंनी दातानं लाल दोऱ्याची गाठ सोडवली आणि तो दुसऱ्या बाटलीच्या गळ्यात बांधला. तिथला हिरवा काढून पहिलीला. लाल म्हणजे त्यांची विहीर, हिरवा म्हणजे शेजारच्या अकबरीचा हातपंप. आजीला चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून नातीनं, प्रतीक्षानं, पाणी भरून आणायला दिलेल्या बाटल्यांना हे दोरे बांधले होते.

प्रतीक्षा पुण्याला एम.एस्सी.ला होती. घरच्याच इंद्रायणी भाताचं तूस तिनं कॉलेजात बंद भांड्यात पाण्याबरोबर तापवून, गाळून आणलं होतं. जांभळ्या दिव्याखाली ते पाणी निळं उजळायचं. तुसाला उजेड फुटतो तर उद्या शेणालाही फुटंल, असं मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. पण एवढं त्यांना समजलं होतं, की त्याचे थेंब चांगल्या पाण्यात उजळत राहतात आणि शिशासारखं विष असलं तर विझतात.

आज दोन्ही बाटल्यांत थेंब टाकून, पाच मिनिटं थांब म्हणून प्रतीक्षा फोन करायला बांधावर गेली होती, घरात रेंज नव्हती. अंधाऱ्या माजघरात दिव्याखाली पंपाचं पाणी निळं राहिलं होतं. विहिरीचं बघता बघता विझलं होतं.

भाजे गावातल्या कितीतरी लग्नांचं वरण याच विहिरीच्या पाण्यात शिजलं होतं. चार कढ आले की डाळ मऊ. अकबरीच्या पंपाचं पाणी जड, त्यात डाळ शिजते का खडे, असं मुक्ताबाई पंचवीस वर्षं चारचौघींत विचारत आल्या होत्या.

प्रतीक्षा परतली आणि बदललेले दोरे पाहून तिनं वहीत लिहिलं. पंपात शिसं असावं, नक्की कळायला बाटली प्रयोगशाळेत नेते, तोवर ते पाणी पिऊ नका म्हणून सांगून येते, म्हणाली. मुक्ताबाई तांदूळ निवडत राहिल्या.

दुपारी, पंपाचं पाणी बंद म्हणून, अकबरीची सून नुसरत कळशी घेऊन विहिरीवर आली. सातवा महिना. दमादमानं तिनं पोहरा वर ओढला, कळशी भरली आणि उरलेलं प्यायला ओंजळीत घेतलं.

"वत ते," मुक्ताबाई ओसरीवरून म्हणाल्या.

"काय झालं, आजी?"

"वत म्हनलं ना. कळशीतलं बी."

त्या खाली उतरल्या. रहाटावरचा दोर काढून कोपरावर गुंडाळला. मग घरात जाऊन प्रतीक्षासमोर दोन्ही दोरे सोडले आणि जिथले तिथे बांधले.

"न्यायची ती ही बाटली."

प्रतीक्षानं वहीतली ओळ खोडली.

नुसरतची कळशी आणि आपला हंडा घेऊन मुक्ताबाई अकबरीच्या दारात गेल्या. सगळं उभ्यानंच सांगितलं, काही गाळलं नाही. अकबरीनं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदराला हात पुसले आणि पंपाचा दांडा धरला. आधी कळशी भरली.

हंड्याची पाळी आली तेव्हा तिचा हात थांबला.

"डाळ न्हाई शिजायची यात, मावशी."

"रातीच भिजत घालीन," मुक्ताबाई म्हणाल्या आणि हंडा तोटीखाली सरकवला. "तू दांडा मार."