नाकातलं वजन

बायको गेल्यापासून लिफ्टवाल्यांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. चहा ठेवायचे आणि तो उकळेपर्यंत बाल्कनीत दोन चकरा मारून यायचे. टीव्ही लावून आंघोळीला निघून जायचे. फ्रिज उघडून उभे राहायचे, काय घ्यायला आलो ते आठवायचं नाही, मग लावून टाकायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्याचंच काम केलं होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणायची. आता ते जिन्यानेच चढउतार करत. तेवढाच वेळ जायचा.

थोडंफार थांबत ते जेवणाच्या टेबलापाशी. टेबलावर विमान होतं.

प्लास्टिकच्या सुट्या भागांचा मोठा संच होता तो. जोडून झाला की दोन इंजिनांचं, हातभर लांबीचं विमान होणार होतं. असली विमानं नवराबायको मिळून करायचे. कापणं, घासणं, चिकटवणं त्यांच्याकडे. रंगाची बारीक कामं तिच्याकडे, आणि सूचनांचा कागद वाचून दाखवायचं कामही तिचंच. ती म्हणायची, "थांबा, आधी ऐका." हे म्हणायचे, "ऐकतोय, ऐकतोय," आणि तोवर गोंदाची बाटली उघडलेली असायची.

या विमानाचं कॉकपिट तिने आजारपणात रंगवलं. शर्टाच्या बटणाहून लहान डायल, त्यात पांढरे काटे, खुर्च्यांना पट्टे, पट्ट्यांना चंदेरी बकलं. हात कापायचा तेव्हा ब्रश खाली ठेवायची, थांबला की पुन्हा घ्यायची. ते पूर्ण केलं आणि मग ती गेली.

पुढची पायरी सोपी होती. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग कॉकपिटवर दोन्ही बाजूंनी लावायचे आणि चिकटवायचे. पण एकदा चिकटले की आतलं सगळं झाकलं जाणार, वरच्या काचेतून दिसेल तेवढंच दिसणार. म्हणून लिफ्टवाले रोज दोन्ही भाग जुळवून बघायचे, कागदी चिकटपट्टी लावायचे, टेबलाभोवती फिरायचे, आणि पट्टी काढून पुन्हा उघडायचे.

धाकटी मेहुणी रविवारी डबा घेऊन यायची. तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तोंड कात्रीसारखंच चालायचं.

"दाजी, मांडीवर ताट घेऊन जेवायचा आता कंटाळा आला मला. हे टेबल मोकळं होणार की नाही?"

"होईल."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात. एक तर पुरं करा, नाहीतर खोक्यात भरून माळ्यावर टाका."

माळ्याचं नाव काढल्यावर त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मेहुणी घरी गेली तसे ते उठले, ताटंसुद्धा न विसळता टेबलापाशी आले, आणि कडू औषध एका दमात घोटावं तसं धड चिकटवून टाकलं. कपड्यांचे चिमटे लावले आणि घराबाहेर पडले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

मग हाताला वेगच आला. पंख बसले, शेपूट बसली, काच बसली. खाली तीन चाकं बसली, दोन पंखांखाली आणि एक नाकाखाली. गोंद वाळल्यावर त्यांनी विमान चाकांवर उभं केलं आणि हात काढला.

विमानाने हळूच नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं.

लिफ्टवाल्यांनी ते पुन्हा सरळ केलं. ते पुन्हा बसलं. त्यांनी सूचनांचा कागद शोधला. धड बंद करण्याच्या चित्राशेजारीच ठळक लिहिलं होतं, की आधी नाकात वजन घाला. वाचायला कोणी नव्हतं, थांबा म्हणायलाही कोणी नव्हतं.

खरं तर काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं उलटंच. त्यांना हुरूप आला. आता उघडावंच लागेल, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि खणातून बारीक करवत काढली. पातं पुसलं. टेबलाभोवती एक फेरी मारली, बसले, उठले, दुसरी फेरी मारली. तेवढ्यात बेल वाजली. रविवार आहे हे ते विसरलेच होते.

मेहुणी डबा ठेवता ठेवता थबकली. "हे काय, विमान दमलं का?"

"शेपटीवर बसतंय. नाकात वजन घालायचं राहिलं."

"कुणाचं राहिलं? तुमचं?" तिला हसू आवरेना. "जन्मभर लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनं टांगलीत की हो!"

"हास. पोट भरून हास."

"शेपटीखाली एक काडी लावा. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

"मग उसवा. त्यात काय एवढं? गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की मी अख्खा कोट उसवते."

"हे कापड नव्हे गं. हा गोंद प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही भाग एकजीव झालेत. करवतीने कापावं लागेल. आणि आत..."

"आत काय?"

"तुझ्या ताईने रंगवलेलं कॉकपिट."

मेहुणीने खुर्ची ओढली आणि बसली. "त्याला धक्का लागेल?"

"लागेल. ते दोन्ही भागांना चिकटलंय. डायल निखळतील, रंगाचे टवके उडतील."

"दुसरा उपायच नाही?"

नाही म्हणता आलं असतं. तिला यातलं काय कळणार होतं? लिफ्टवाल्यांनी पातं बोटावर घासून पाहिलं.

"आहे. इंजिनं पुढून अजून उघडी आहेत. त्यांत शिसं भरायचं. नाकापेक्षा जास्त लागेल, पण तोल येईल."

"मग करवत कशाला काढलीत?"

लिफ्टवाल्यांनी करवत खाली ठेवली. खिडकीपाशी गेले, ती उघडीच होती, ती अजून थोडी उघडली, आणि परत आले.

"एकदा बघायचं होतं," ते म्हणाले. "नीट."

मेहुणीने खुर्ची विमानाजवळ सरकवली. मग फणकाऱ्याने म्हणाली, "मला तर तेवढंही दाखवलं नाहीत. मी आले की दोघं मिळून वर फडकं टाकायचात."

"धूळ बसते म्हणून."

"मी म्हणजे धूळ का? आणा बॅटरी. काचेतून दिसेल तेवढं बघते."

त्यांनी बॅटरी धरली. मेहुणीने एक डोळा मिटून काचेला नाक लावलं.

"एक खुर्ची दिसतेय. बाकी काळोख."

"खुर्चीच्या पट्ट्याला बकल आहे, बघ. चंदेरी. टाचणीच्या टोकाने केलंय ते. त्याच्या पुढे डायल. वरच्या ओळीत डावीकडचं उंचीचं."

"हं, दिसलं. काटासुद्धा आहे हो! अगं बाई, ताईने हे केलं? तिला तर सुईत दोरा ओवता यायचा नाही, माझ्याकडे धाडायची."

"शेजारी वेगाचं. खालच्या ओळीत इंधनाचं, त्याला बारीक लाल रेघ आहे." ते न बघताच सांगत होते. कुठे काय आहे, कुठला काटा कुठे थांबलाय, सगळं सांगितलं. इतका वेळ ते एका जागी उभे होते हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"आणि हा खुर्चीच्या बाजूचा दांडा? त्याच्या टोकाला बोंड आहे. कुठला रंग दिलाय?"

"लाल," ते म्हणाले. मग बॅटरी हलली. "थांब. पिवळा असेल. आधी लाल दिला होता तिने, मग मला विचारलं बदलू का म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यांना ते आठवेना. त्यांनी विमान उचलून खिडकीकडे धरलं, आडवं केलं, तिरकं केलं. दांड्याचं टोक खुर्चीच्या सावलीतच राहिलं.

"तुला दिसतोय का रंग?"

"नाही हो. अंधारच आहे तिथे."

लिफ्टवाल्यांनी विमान खाली ठेवलं. ते पुन्हा शेपटीवर बसलं. त्यांचा हात करवतीवर गेला. नाकाच्या मागे एक चीर, बोटभर. तेवढ्याने कळलं असतं. मेहुणी त्यांच्या हाताकडे बघत होती.

"ही घे," त्यांनी करवत तिच्यापुढे केली. "तुझ्या पिशवीत टाक आणि घरी ने."

"मी काय करू हिचं? लोकांचे कोट कापू?"

"ने म्हणतो ना. खणात नको, माळ्यावर नको. या घरातच नको."

तिने डब्याभोवतीचा रुमाल सोडला, करवत त्यात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशी घातली. लिफ्टवाल्यांनी मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी काढले, वाटीत ओतले आणि पहिल्या इंजिनात चिमट्याने एकेक सोडू लागले.

"लालच," ते म्हणाले.

दोन मणी गेले. चिमटा हवेत थांबला.

"की पिवळा?"