नवशिक्या माणसासाठी पाल

"घ्या न हातात, बाई. चावत नाई ते," असं म्हणून धनराजनं तळहातावरची पाल मीराबाईच्या नाकासमोर धरली.

मीराबाईनं पदराचा बोळा तोंडाशी नेला आणि ती एक पाऊल मागं सरकली. मागं माशांची टाकी होती. "दूर कर बापा ते. मले बघाची आहे, हातात नाई घ्याची."

"पाळाची आन् हात नाई लावाचा?"

जटपुरा गेटाजवळच्या धनराजच्या दुकानात मासे, ससे, रंगीत पोपट मिळत. पाली मागच्या खोलीत, काचेच्या पेट्यांमध्ये. पैसे देऊन पाल नेणारी माणसं चंद्रपुरात आहेत, हे मीराबाईला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. तिच्या घरी पाल फुकट यायची आणि झाडूनं जायची.

खूळ नवऱ्याचं होतं. लटारूनं तीस वर्षं खाणीत डंपर चालवला आणि फुप्फुसांत धूळ भरून तो घरी बसला. डॉक्टर म्हणाले, केसाचं, पिसाचं काही घरात नको. घरचा कुत्रा मूल गावी भाचीकडं गेला. तिसऱ्या दिवशी लटारू नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत म्हणाला, "पालीले केस बी नसते, पिस बी नसते. एक पाल पाळू."

मीराबाई बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध घरातली. पाल अंगावर पडली की अपशकुन, चुकचुकली की कुणाचं तरी मरण, असलं काही ती मानत नसे. मांजर आडवं आलं तर त्यालाही काम असेल म्हणून आधी जाऊ द्यायची. पण पालीची किळस कुठल्याच प्रतिज्ञेत बसली नाही. ती शिल्लक राहिली.

तशी तिला किळस सगळ्याचीच यायची. सव्वीस वर्षं ती एका दवाखान्यात सफाईला होती. रक्त, पू, ओकाऱ्या, तुंबलेल्या मोऱ्या. नर्सबाया म्हणायच्या, मीराबाईला किळस म्हणून नाही. यायची. भरपूर यायची. घाण दिसली की ती जाईपर्यंत तिला बसवत नसे. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची. घरी आल्यावर ती कोपरापर्यंत हात घासत राहायची, हे एकट्या लटारूला माहीत होतं.

"पह्यल्यांदाच पाळून राह्यले न?" धनराजनं हातातली पाल पेटीत सोडली. "हे दाढीवाली पहा. हातभर होते. हिले दिवसभर गरम बल्ब लागते."

"चंद्रपुरात बल्ब? इथी मे महिन्यात मानूस भाजून निंगते, आन् तू पालीले बल्ब लावतं?"

धनराज हसला. "मंग हे शेंडीवाली. हिले किडे लागत नाई. फळाची पावडर पान्यात कालवून द्याची, चाटते."

मीराबाईला दुकानात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. "हेच दे मंग."

"पन बाई, हिले थंडं लागते. एसी नाई लावला तं एप्रिल नाई काढत ते."

मीराबाईनं शेंडीवालीकडं पाहिलं. तिला पापण्या नव्हत्या. तिनं लांब जीभ काढली आणि स्वतःचा डोळा चाटून पुसला. शी. पण मीराबाईच्या मनात एप्रिल अडकला होता. डॉक्टरांनीही उन्हाळ्याचंच सांगितलं होतं. लटारू बाहेर बाकावर बसलेला असताना, आवाज उतरवून.

"नको," ती म्हणाली. "त्याह्यच्या डोयासमोर मरन नको."

"तं मंग मघाचीच." पिवळी, अंगावर काळे ठिपके, शेपूट गाजरासारखं जाड. "बिबट्या म्हनते हिले. नवीन मानसाले हेच बरी. भिंतीवर चढत नाई, आपली गर्मी सोसते. परदेशी आहे, कागद आहे माह्यापाशी. जंगलातली घोरपड उचलून आनली असती तं सिद्धे अंदर."

"खाते काय?"

धनराजनं डबा उघडला. कोंड्यात पिवळ्या अळ्या एकमेकींवरून वळवळत होत्या. कान दिला तर आवाजही येत होता, बारीक, कुरकुर. जन्मभर तांदूळ निवडून अळ्या फेकणाऱ्या बाईनं आता अळ्या विकत न्यायच्या. मीराबाईला उमासा आला. तो गिळून तिनं विचारलं, "जगते किती?"

"पंधरा वर्षं. नीट ठेवली तं वीस बी. काकाले सांगतलं न मी फोनवर."

"कोन्या काकाले?"

"तुमच्याच. दम लागून राह्यलता त्याह्यले. एकच इचारलं, सगळ्यात जास्त कोनती जगते? मी म्हनलं, बिबट्या. तं म्हने, जित्ते किडे खाते का? म्हनलं, हो. तं म्हने, लय बेस. माही घरवाली येईन, तिले हेच दे. तिले किळस येते, पन नेईन."

स्वतःची अठ्ठावन्न आणि पालीची पंधरा, त्र्याहत्तर. मीराबाईनं पालीची पेटी, अळ्यांचा डबा आणि लांब चिमटा ऑटोत ठेवला आणि तुकूममधल्या घरापर्यंत पेटीकडं एकदाही पाहिलं नाही.

"पाल तुमाले पाह्यजे होती का मले?" दारातूनच तिनं विचारलं.

लटारू खाटेवर टेकून बसला होता, मांडीवर थुंकीचं भांडं. उत्तर द्यायच्या आधी तो खोकला आणि भांड्यात बेडका टाकला. तिनं बोलता बोलता भांडं उचललं, मोरीत ओतलं, राखेनं घासलं, परत आणून दिलं.

"पाह्यलं? भांडता भांडता उठली तू," लटारू म्हणाला.

"मंग काय तसंच ठेवू?"

"तेच म्हनून राह्यलो." एका वाक्याला त्याला दोन श्वास लागत. "बाप गेल्यावर माही माय खाटेवर बसली. तीन वर्षं. ना आंग धुतलं, ना भात शिजवला. उठ म्हनलं, तं म्हने, कोनासाठी?"

"मी तुमची माय आहो का?"

"नाई न. तुले घान पाह्यली का बसवत नाई." तो दात काढून हसला. "म्हनून घान आनली."

"कुत्रा वापस आनला असता मी तुमच्या मागून."

"कुत्रा लाड करते. त्याच्या गळ्यात पडून रडत बसली असती तू."

मीराबाई मोरीवर गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

पालीचं नाव लटारूनं मॅनेजर ठेवलं, कारण ती दिवसभर पडून राहायची आणि दुसऱ्यानं आणून दिलेलं खायची. मीराबाई तोंड फिरवून चिमट्यानं अळी पुढं करायची. "इकडं पाहून दे वो, डोयात खुपसशीन मॅनेजरच्या," म्हणून तो हसायचा आणि हसण्याचा खोकला व्हायचा.

उन्हाळ्यापर्यंत गेलंच नाही. फेब्रुवारीत एका सकाळी चहा निवत होता आणि लटारू उठला नाही.

बुद्धवंदना झाली, पाहुणे आले, गेले. भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन न्यायला माणूस आला आणि मशीनची घरघर थांबली, तेव्हा घरात एवढी शांतता असते हे कळलं. मीराबाई त्याच्या खाटेवर बसली ती बसलीच. शेजारची रुखमाबाई ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी दुपारी रुखमाबाईनं नाकाला पदर लावला. "मीरा, पेटीत मेलं का काही? वास येऊन राह्यला वो."

डब्यातल्या अळ्या मेल्या होत्या, काळ्या पडल्या होत्या. मॅनेजर जिवंत होती. तिनं कात टाकली होती, टाकलेली कात स्वतःच खाल्ली होती, पण बोटांवरची सुटली नव्हती. ती पांढरी, कोरडी होऊन धाग्यासारखी आवळली होती. तशीच राहिली तर बोटं झडतात, असं धनराजनं सांगितलं होतं.

मीराबाईनं बशीत कोमट पाणी घेतलं. पेटीत हात घातला. चिमट्याशिवाय, पहिल्यांदाच. पाल गार होती, मऊ होती, आणि तळव्यावर तिचं पोट धडधडत होतं. मीराबाईच्या मानेपर्यंत काटा आला.

"शी, शी! हातात काऊन घेतलं वो ते?" रुखमाबाई ओरडली.

"शीच आहे," मीराबाई म्हणाली. तिनं पाय पाण्यात बुडवला, पहिल्या बोटावरची कात नखानं अलगद सोडवली आणि दुसरं बोट धरलं. "बाई, जरा सरका तिकडं. उजेड अडून राह्यला."