माझ्या नाकावरचा शेंदूर

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून गरगरणारा नव्हे हं! बसल्या जागी वारा घालणाऱ्या त्या मंडळींशी माझी तुलना केलेली मला मुळीच खपत नाही. मित्रांनो, मी इंजिनाचा पंखा आहे. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या गाडीत, पाण्याच्या जाळीच्या मागे माझी जागा. इंजिन तापलं की बाहेरची हवा जाळीतून खेचून घ्यायची आणि त्याला थंड ठेवायचं, हे माझं काम. आता अहमदनगरच्या एका गॅरेजात भिंतीला टेकून उभा आहे, पण एके काळी काय रुबाब होता माझा!

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. तिथल्या कारागिरांनी माझ्या नाकावर एक खास वस्तू बसवली. धातूची पातळ पट्टी, जिलेबीसारखी गोल गुंडाळलेली. तिला गार हवा लागली की ती आखडते आणि मी आळसावल्यासारखा सावकाश फिरतो. तिला गरम हवा लागली की ती सैल होते, माझ्या पोटातली खीळ उघडते, आणि मग जो काही जोर माझ्या अंगात येतो, तो विचारू नका! पाती दिसेनाशी होतात आणि असा आवाज सुटतो, घोंऽऽऽ! म्हणजे इंजिन किती तापलंय ते माझं मीच ओळखतो. कुणी सांगायला लागत नाही.

ज्या गाडीत मला बसवलं, ती गाडी नव्हतीच, ते चाकावरचं घर होतं. आत झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा, हात धुवायला भांडं आणि बर्फाचं कपाट. एक गोरं जोडपं या घरात राहत, रांधत, गाणी म्हणत अनेक देश ओलांडून थेट नगरला आलं. इथे त्यांचा मुक्काम लांबला. परत जाताना त्यांनी ते घर गुराढोरांची सेवा करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं, आणि आम्ही झालो गुरांचा फिरता दवाखाना! झोपायच्या फळीवर औषधाच्या बाटल्या आल्या. बर्फाच्या कपाटात लोण्याच्या जागी लशी आल्या.

दवाखान्याचे डॉक्टर होते आबासाहेब. गायीच्या पोटात हात घालून वासरू फिरवायचे, पण गाडीचं झाकण उघडलं की दोन पावलं मागे सरायचे. आणि ड्रायव्हर होता कानिफनाथ. वा! असा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी गाडीच्या पाया पडल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. जाताना तो गोरा साहेब माझ्याकडे बोट दाखवून दोघांना खुणा करकरून सांगत होता की, याचं नाक मोकळं ठेवा. आबासाहेबांनी मान हलवली, कानिफनाथानेही मान हलवली. दोघांच्याही डोक्यात काही शिरलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात गंमत झाली. भर दुपारी एका गावाच्या वेशीवर गाडी उभी होती, इंजिन चालू होतं. ते तापलं आणि मी नेहमीप्रमाणे जोरात घुमलो. घोंऽऽऽ! कानिफनाथाने टुणकन उडी मारली. इतका वेळ गपगुमान असलेला पंखा एकदम गर्जायला लागला, मग क्षणात पुन्हा शांत झाला. त्याने कपाळाला हात लावला.

"सायेब, ह्याच्या अंगात येतंय!" तो म्हणाला. "जागा कडक हाय गाडीतली. शेंदूर लावाय पायजे."

"लाव बाबा," आबासाहेब हसत म्हणाले.

झालं! त्याच संध्याकाळी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून कानिफनाथाने तो माझ्या नाकावर थापला. पुढे दर अमावस्येला एक थर आणि दसऱ्याला दुप्पट. जवसाचं तेल आणि शेंदूर वाळला की दगड होतो, हे तुम्ही म्हसोबाच्या देवळात पाहिलंच असेल. माझी जिलेबी त्या दगडात चिणली गेली. गरम हवा लागेना, पट्टी सैल होईना. मी आपला रात्रंदिवस आळसावून फिरायचो.

"बघा, शांत झाला का न्हाई?" कानिफनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. लोक मला नमस्कार करायचे! खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं. कुठल्या पंख्याला असा मान मिळतो?

पण इंजिन बिचारं तापायला लागलं. हिवाळा कसाबसा निभला. मग त्र्याहत्तर सालचा तो उन्हाळा आला. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता. विहिरींचे तळ दिसत होते. गुरांसाठी ठिकठिकाणी छावण्या उघडल्या होत्या आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नेमकं तेव्हाच रस्त्यात गाडी उकळायची, पाण्याच्या टाकीतून वाफ उसळायची. नगरच्या मिस्त्रींनी काय काय केलं नाही! जाळी धुतली, पट्टा आवळला, नळ्या बदलल्या. माझ्यापाशी आले की मात्र हात जोडायचे आणि वळसा घालून पलीकडे जायचे. शेंदूर लावलेल्या देवाला पान्हा कोण लावणार?

अशात घोडेगावकडच्या एका छावणीतून सांगावा आला. जनावरांचे गळे सुजतायत, घटसर्प शिरलाय, लस घेऊन ताबडतोब या. आम्ही निघालो आणि अर्ध्या वाटेत उकळून परत फिरलो. बर्फ वितळला, लस वाया गेली. नवी लस पुण्याहून येईपर्यंत छावणीतल्या मालनबाई स्वतःच एका ट्रकवर बसून नगरला येऊन थडकल्या.

मालनबाई म्हणजे ताठ कण्याची, उन्हानं रापलेली शेतकरीण. नवरा खडी फोडायच्या कामावर. हौशा आणि मान्या ही खिल्लारी जोडी घेऊन त्या छावणीत राहत होत्या. दोन्ही बैल त्यांनी वासरापासून हाताने वाढवलेले. पुढच्या मृगाला पेरायचं तर याच जोडीवर.

"डॉक्टरसाहेब, शेजारच्या दावनीला रोग आलाय," त्या म्हणाल्या. "माजे दोन अजून उभे हायेत. आज लस न्हाई घातली तर उद्या काय ऱ्हाईल माज्याकडं? मी तुमच्या गाडीतच बसते. आता न्हाई परत फिरू देनार!"

लस आली, लाकडी पेटीत बर्फावर ठेवली, आणि ती पेटी मांडीवर घेऊन मालनबाई पुढच्या बाकावर बसल्या. निघालो आम्ही! ऊन नुसतं भाजत होतं. नगर मागे पडलं. कानिफनाथाचा एक डोळा रस्त्यावर आणि एक उष्णतेच्या काट्यावर. काटा चढतोय... चढतोय... आणि रस्त्याला चढ लागताच, फुस्सऽऽ! वाफेचा लोट उसळला. गाडी बाजूला घ्यावी लागली.

जवळचं सगळं पाणी आधीच टाकीत ओतून झालं होतं. आसपास झाड नाही, विहीर नाही. कानिफनाथाने डोकं धरलं. मग त्याची नजर पेटीकडे गेली.

"आक्का, त्यातला बर्फ द्या थोडा."

"हात लावून बघ!" मालनबाईंनी पेटी पोटाशी धरली. "ह्यातला चिमूटभर बी देनार न्हाई. बर्फ गेला तर लस गेली, आन् लस गेली तर माजे बैल गेले."

"अवो, पन गाडी न्हाई हालली तर लस नेनार कशी? डोक्यावर?"

"डोक्यावर नेईन!"

त्या खरंच नेतील असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आबासाहेब मध्ये पडले. "थांबा, भांडू नका. आधी हे तापतंय कशानं ते बघू." इतके दिवस झाकणापासून लांब पळणारा हा माणूस बाह्या सरसावून पुढे आला! कानिफनाथाने झाकण उघडलं. टाकीत उरलंसुरलं थोडं पाणी होतं. आबासाहेबांनी जरा वेळापुरतं इंजिन चालू करायला लावलं आणि तिघं वाकून बघू लागले.

मी फिरत होतो, पण कसा? झोपेत चालल्यासारखा. मालनबाईंनी जाळीपुढे हात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कानिफभाऊ, ह्यो पंखा हवा कुनीकडनं वढतो?"

"हिकडनंच की. म्होरनं आत."

त्यांनी गाडीत सांडलेला कडब्याचा भुसा मुठीत आणला आणि जाळीपुढे धार धरून सोडला, जशी उफणताना सुपातून सोडतात तशी. भुसा सरळ खाली मातीत पडला. एक काडीसुद्धा जाळीकडे वळली नाही.

"हात्तिच्या! ह्या वाऱ्यावर मूठभर बाजरी बी उफनून व्हायची न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "तुमचा पंखा नुस्ता नावाला फिरतोय."

आबासाहेब एकदम ताठ झाले. "नाक! अरे कानिफनाथ, तो साहेब नाक मोकळं ठेवा म्हणत होता ना? याच्या नाकावर आहे काय?"

"शेंदूर, सायेब," कानिफनाथ म्हणाला. मग तो हळूहळू पांढरा पडत गेला. "पयल्यांदा ह्यो गर्जायचा... आन् शेंदूर लावल्यावर गप झाला. म्हंजी मीच..."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी आनंदाने किंचाळलो असतो. कळलं! अखेर कळलं यांना! इंजिन बंद झालं. आबासाहेबांनी बैलांची खुरं साळायची सुरी काढली. पण कानिफनाथ हात जोडून आडवा उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सायेब, शेंदूर खरवडायचा? मला पाप लागंल."

मालनबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, आमच्या गावच्या म्हसोबानं गेल्या साली आपून होऊन खोळ टाकली. सारा शेंदूर गळून पडला, आन् आतली मूर्ती कशी लख्ख निघाली. ह्याला बी खोळ टाकायची हाय आसं समज. मी धरते शेंदूर पदरात. नदीला पानी आलं की सोडू."

कानिफनाथाने डोळे पुसले, माझ्या पाया पडला आणि स्वतःच सुरी हातात घेतली. इंजिन जरा निवल्यावर कामाला लागला. खपली खपली करत शेंदूर निघू लागला. अगदी जपून, कारण खालची पट्टी नाजूक! शेवटची खपली निघाली आणि माझ्या नाकाला वारा लागला. आहाहा! मालनबाईंनी सगळा शेंदूर पदरात झेलून गाठ मारली.

आता प्रश्न पाण्याचा. आबासाहेबांनी पेटी उघडून पाहिली. "बाई, बर्फ अजून बराच शिल्लक आहे. तळाला वितळलेलं पाणी तेवढं काढू. लशीला धक्का लागणार नाही."

मालनबाईंनी आधी बाटल्यांभोवतीचा बर्फ चाचपून पाहिला. मग त्यांनी आपल्याच हाताने पेटीच्या तळाचं बूच काढलं. कानिफनाथाने ते पाणी सावकाश, इंजिन तडकू नये म्हणून दम खात खात, टाकीत ओतलं.

चावी फिरली. मी फिरू लागलो, सावकाश. काटा चढू लागला. तिघंही श्वास रोखून उभी. काटा वर... आणखी वर... जाळीतून येणारी हवा माझ्या नाकाला चटका देऊ लागली. ती जुनी जिलेबी थरथरली. सैल होतेय का? विसरली तर नसेल? आणि मग...

घोंऽऽऽऽ!

काय सांगू तुम्हाला! रस्त्यावरचा सगळा भुसा उडून जाळीला येऊन चिकटला. मालनबाईंच्या लुगड्याचा सोगासुद्धा जाळीवर जाऊन बसला. "आगं बया!" म्हणत त्या तो ओढू लागल्या आणि हसूही लागल्या. सवयीने कानिफनाथ इंजिन बंद करायला धावला.

"गर्जू दे!" आबासाहेब ओरडले. "गर्जू दे त्याला! काटा बघ, उतरतोय!"

मग काय विचारता? सगळा चढ मी गर्जत चढलो. जिथे पूर्वी उकळायचो तिथून सुसाट निघालो. छावणी दिसताच मालनबाई गाडी थांबण्याआधीच उतरल्या आणि दावणीकडे पळाल्या. हौशा आणि मान्या उभे होते! दोघंही माना वर करून हंबरले. मालनबाईंनी दोघांचे गळे चाचपून पाहिले. सूज नव्हती.

"आक्का, पयली सुई तुमच्या जोडीला," कानिफनाथ ओरडला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्या दावनीला रोग शिरलाय तितनं सुरू करा, डॉक्टरसाहेब. माजी पाळी आली की मी आनते."

त्यांच्या जोडीची पाळी आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. पेटीत लस शिल्लक होती. तो रोग त्या दावणीपुढे एक पाऊल सरकला नाही. पुढच्या मृगाला हौशा-मान्या तिफण ओढताना मी रस्त्यावरून जाताना पाहिले, आणि कानिफनाथाने भोंगा वाजवून वाजवून मालनबाईंना बांधावर यायला लावलं.

पुढे आमची गाडी थकली, मोडीत निघाली. कानिफनाथाने मला मात्र सोडवून या गॅरेजात आणून ठेवलं. दसऱ्याला तो अजून येतो, कोरड्या फडक्याने माझं नाक पुसतो, आणि हार मला न घालता शेजारी ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र, एखादं जनावर, एखादं माणूस अचानक गर्जायला लागलं, तर घाईने त्याला गप्प करू नका. जवळ जा, ते कशासाठी ओरडतंय ते बघा. मला माया कमी मिळाली नव्हती हो, भरभरून मिळाली, पण माझं काम काय ते कुणी विचारलं नव्हतं. आम्ही लस घेऊन पोचलो त्या दिवशी छावणीच्या टोकाला काही बैल आणि एक गाभण गाय मरून पडलेली होती. आदल्या खेपेला, अर्ध्या वाटेतून परतलो तेव्हा, मला गर्जू दिलं असतं, तर तीही सारी हौशा-मान्याच्या शेजारी उभी असती.