दिवसा गोष्ट सांगू नये

आमच्या संतराममामाचा धंदा ऐकून लोक हसायचे. तो पुण्याला एका बोलपट कंपनीत गोष्टी शोधायच्या कामावर होता. कादंबऱ्या वाचायच्या, मासिकं चाळायची, वर्तमानपत्रातले लेख कापून ठेवायचे आणि ज्यातून बोलपट निघेल असं वाटेल ते मालकापुढं नेऊन ठेवायचं. ‘आमच्या मेव्हण्याला वाचायचा पगार मिळतो,’ असं माझे वडील उत्तमराव कुरुंद्यात सगळ्यांना सांगत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मामाची एक खोड होती. कुणीही काहीही सांगू लागलं की तो एक डोळा मिटून ऐकायचा आणि शेवटी निकाल द्यायचा, ‘यात बोलपट आहे’ किंवा ‘यात काही नाही.’ कुणाची म्हैस हरवलेली असो की कुणी मेलेलं असो, निकाल ठरलेला. माझं लग्न कसं जमलं ते मी त्याला लाजत लाजत सांगितलं, तर म्हणाला, ‘शके, यात काही नाही.’ मला त्याचा राग आला होता. तो राग मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्याच्याकडून मिळालेलं दुसरं फारसं काही माझ्यापाशी नाही.

आईचा तो एकुलता भाऊ. मानमोडीच्या साथीत शिरड शहापूरला तिचे आई-बाप एका आठवड्यात गेले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई नुकती लग्न होऊन कुरुंद्याला आलेली. तिनं त्याला सासरी आणलं, सासूची बोलणी खाल्ली आणि वाढवला. त्यामुळं तो माझा मामा असला तरी आईला लेकासारखाच होता, आणि मला ते कधी कधी सहन व्हायचं नाही.

माझं लग्न फाल्गुनातलं, मुहूर्त दिवस बुडतानाचा. आमच्यात नवरीला अंतरपाटापर्यंत मामानं न्यायचं असतं, आणि मंगलाष्टकं होईतो तो तिच्या पाठीशी उभा राहतो. बाकी कुणी नसलं तर चालून जातं, मामा नसला तर नाही. म्हणून आईनं पुण्याला निरोपावर निरोप धाडले होते.

तो आला आदल्या दिवशी. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. चहा पिता पिता आईला म्हणाला, ‘आक्का, छापलेलं सगळं संपलं बघ. चांगली कादंबरी निघाली की दुसरी कंपनी आधी नेते. मालक म्हणतो, कुठंच छापली नाही अशी गोष्ट आण, नाहीतर येऊ नकोस.’

आमच्या शेतावर हळद शिजवायचं काम चाललं होतं. काहिलीपाशी देवला होता, शेजारच्या लमाण तांड्यावरचा, आमच्याकडं बरीच वर्षं कामाला असलेला. तो सहज बोलून गेला, ‘माझ्या सासूकडं एक गोष्ट हाय. पर ती कुणाला सांगत न्हाई.’

मामाचा एक डोळा लगेच मिटला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात बायका हळद कुटत बसल्या होत्या आणि हा माणूस कोट चढवून देवलासोबत तांड्याला निघाला. आईनं दारात अडवलं.

‘संतू, आज काहून? पोरीला मांडवात कोण नेईल?’

‘दुपारच्या आत येऊन राहिलो आक्का. इथंच वाढलो, आता वाट चुकणार का मी?’

आईनं खुंटीवर टांगलेला नवा गुलाबी फेटा त्याला दाखवला. आल्यावर तो बांधायचा होता. तो हसला आणि गेला.

पुढचं देवलानं सांगितलेलं.

देवलाची सासू रूपाबाई. तिचे आजे-पणजे लदेणीवर असायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मामानं गोष्ट मागितली तशी तिनं हात जोडले.

‘दिवसा गोष्ट सांगू नाय दादा. मामा वाट चुकते.’

हे आमच्याकडं लहान पोरंही जाणतात. मामाही त्यावरच वाढलेला. तो म्हणाला, ‘पण मी उद्या पहाटे पुण्याला निघणार. आज रात्री लग्नघर सोडून कसा येऊ?’

‘तुला भाच्या किती?’

‘एकच. आज तिचंच लग्न.’

‘मग जाय घरी,’ रूपाबाई म्हणाली.

पण मामा चिकट. त्यानं हातापाया पडून पाहिलं, नोकरीचं सांगितलं, आणि शेवटी त्याला शक्कल सुचली. म्हणाला, ‘बाई, आमच्या धंद्यात आमी रोज दुपारी रात करतो. थेटराची दारं लावली की झाली रात. तुमीबी तसंच करा.’

रूपाबाईला ते पटलं की त्याची दया आली, कोण जाणे. तिनं झोपडीचं दार लावलं, फटींना गोधड्या लावल्या, दिवा पेटवला, दिव्याला हात जोडले आणि सांगायला बसली.

गोष्ट एका लमाणाची होती. त्याच्या भाचीचं लग्न तांड्यावर, आणि हा मिठाची लदेणी घेऊन परतत होता. इकडं तांड्यावर कुणीतरी नवरीला रमवायला भरदिवसा गोष्ट सांगितली आणि तिकडं याची वाट चुकली. लग्नाचा ढोल ऐकू यायचा. टेकडी चढली की तो मागं वाजायचा, मागं फिरलं की पुढं. बैल मेले, मीठ सांडलं, तरी मामा चालतोच. उन्हातच चालतो, कारण त्याच्यासाठी दिवस काही बुडत नाही. लग्न सांजेचं होतं ना.

‘मग एकदा,’ रूपाबाई म्हणाली, ‘त्याला समोरून एक मानूस येताना दिसला.’

मामाला हे सगळं लिहून घ्यायचं होतं आणि दिव्याच्या उजेडात कागद नीट दिसत नव्हता. त्यानं बसल्या बसल्या दाराच्या फटीवरची गोधडी जराशी वर केली. उन्हाचा पट्टा थेट रूपाबाईच्या मांडीवर पडला.

मग कितीही विनवलं तरी तिनं पुढचा शब्द काढला नाही. मामा उठला आणि हसत म्हणाला, ‘राहू द्या. यात बोलपट आहे. शेवट मी करीन.’

परतताना ओढ्यापाशी देवला पाणी प्यायला वाकला. समोरून लाल पागोटं बांधलेला एक माणूस आला. धुळीनं माखलेला, हातात बैल हाकायची काठी, पण बैल नाही. त्यानं मामाला विचारलं, ‘लग्न कोनीकडं हाय, दादा?’

आज गावात लग्न एकच, आमचं. पाहुणाच असेल म्हणून मामानं कुरुंद्याकडं हात केला. ‘सरळ जा. ढोल ऐकू येईल.’

देवलानं तोंड पुसून वर पाहिलं तर लाल पागोटं कुरुंद्याकडं चाललेलं, आणि मामा नाही. कापूस वेचून झालेली उघडी रानं, एकच वाट, लपायला झुडूपसुद्धा नाही. देवला हाका मारत दिवसभर ओढ्याकाठी फिरला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून मान खाली घालून बसले होते आणि मामावर जळफळत होते. ऊन कलतं झालं. बाहेर भटजींनी हाक दिली, ‘मुलीच्या मामांनी मुलीला आणावं.’ कुणी उठेना. दुसऱ्यांदा हाक आली. बायका कुजबुजू लागल्या. तेवढ्यात दारात सावली पडली आणि एका हातानं माझा हात धरला.

मला इतकं बरं वाटलं की मी मान वर केलीच नाही. मग हात लक्षात आला. मामाचा हात पानं उलटणाऱ्याचा, मऊ होता. हा हात खरखरीत होता, आणि उन्हात पडलेल्या दगडासारखा तापलेला. चालताना तो एवढंच बोलला, ‘लई उशीर झाला, लेकरा.’ तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. मला थांबावंसं वाटलं, पण नवरीनं मांडवात थांबायचं नसतं. मी चालत राहिले.

मंगलाष्टकं होईतो तो माझ्या पाठीशी उभा होता आणि हमसून रडत होता. लोकांना त्यात वावगं वाटलं नाही. मामाला पुण्याला जाऊन वर्षं झाली होती, घरचे सगळे धांदलीत, त्याचा चेहरा कुणाच्या नीट लक्षात होता! डोक्याला काहीतरी बांधलेला, रडणारा माणूस म्हणजे मामाच. अक्षता पडल्या, मी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. माझ्या तळहाताला पांढरं काही लागलं होतं. मुंडावळी सारताना हात ओठांना लागला, तेव्हा कळलं की ते मीठ होतं.

दिवे लागल्यावर देवला धापा टाकत आला. आतल्या खुंटीवर गुलाबी फेटा तसाच होता.

वडिलांनी माणसं सगळीकडं धाडली, पार निजामाच्या हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यापर्यंत. मामा मिळाला नाही. पुण्यालाही पोचला नव्हता. महिना उलटल्यावर रूपाबाई आपण होऊन आमच्या दारात आली आणि दिवेलागण होईतो ओसरीवर बसून राहिली. मग तिनं आईला ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. मीही माहेरी आले होते, मीही ऐकली. शेवट सोपा होता. समोरून येणाऱ्यानं वाट दाखवली की चुकलेला मामा सुटतो, आणि दाखवणारा त्याच्या जागी चालू लागतो.

‘माझा भाऊ कसा सुटंल?’ आईनं विचारलं.

‘असाच. कुनीतरी ही गोष्ट दिवसा सांगायची. कुनाच्यातरी मामानं ऐकायची.’

आईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, ‘मला ठाऊक व्हतं, शके. मांडवात आला तो संतू नव्हता. मी त्याचं तोंड बघितलं. पर मुहूर्त चालला व्हता, आन तो माझ्याकडं असा बघत व्हता, जशी मीच त्याची भन.’

आई तेव्हापासून बदलली. दुपारी ती कुणाशी फारसं बोलेनाशी झाली. तोंडावर आलेली गोष्ट गिळून बसल्यासारखी दिसायची. वडील म्हणायचे, ‘तुझ्या आईला वारं लागलं.’ मला ठाऊक होतं की तिला वारंबिरं काही लागलेलं नाही. भाऊ सोडवायची किल्ली तिच्या जिभेवर होती आणि तिला ती वापरता येत नव्हती.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात मी लेकीला घेऊन माहेरी होते. आगगाड्या पुन्हा सुरळीत चालू झाल्या होत्या. एका दुपारी वसमत स्टेशनवरून बैलगाडी करून एक माणूस आला. कोट, चष्मा, बगलेत पिशवी. मामाच्याच कंपनीतला, मामाच्याच जागेवर आता हा होता. मामानं निघण्याआधी मालकाला सांगून ठेवलं होतं म्हणे, की आमच्याकडल्या तांड्यांत गोष्टी पडून आहेत, एक तरी घेऊन येतो. जुने कागद उपसताना मालकाला ते आठवलं होतं.

‘तांड्यावरची अशी एखादी गोष्ट तुम्हाला माहीत आहे का, बाई?’ त्यानं आईला विचारलं.

ओसरीवर ऊन आलं होतं. आईनं त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. तिचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली.

‘म्हायती हाय,’ ती म्हणाली. ‘बसा.’

त्यानं पेन्सिल काढली. आणि एक डोळा मिटला. त्या धंद्यातली माणसं तशीच असतात की काय, देव जाणे. आई ते बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, ‘एक भन व्हती. तिला एकच भाऊ व्हता.’

मला तिला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही. मलाही माझा मामा हवा होता.

आई थांबली. विचारलं, ‘तुमाला भन हाय का, दादा?’

‘आहे की. साताऱ्याला. तिच्या पोरीचं लग्न आहे माघात,’ तो हसला. ‘पोर म्हणते, मामा, तू आला नाहीस तर मी उभीच राहणार नाही.’

त्याच्या पिशवीतून लहान खोक्याचा कोपरा दिसत होता. तिच्यासाठी घेतलेल्या बांगड्या होत्या त्या, त्यानंच सांगितलं. आई बराच वेळ त्या खोक्याकडं बघत राहिली. ओसरीवरचं ऊन तिच्या पायांपर्यंत आलं.

‘दिवे लागल्यावर या,’ ती म्हणाली. ‘तवा सांगते.’

‘संध्याकाळची गाडी आहे बाई. आत्ता थोडक्यात सांगा ना.’

‘मग न्हाई.’

तो हिरमुसला. ‘यात काही नसेलच म्हणा,’ असं स्वतःशीच पुटपुटत उठला. गाडीवान ओढ्यापलीकडं बैल सोडून बसला होता. आई म्हणाली, ‘मी येते वाट दावायला,’ आणि चप्पल न घालता निघाली. मी लेकीला कडेवर घेऊन मागोमाग गेले. साऱ्या वाटेत आईनं त्याला पुढं जाऊ दिलं नाही की मागं राहू दिलं नाही. ओढा उतरवून दिला, गाडीत बसवला, आणि गाडी वळणाआड जाईतो उभी राहिली.

आम्ही परत फिरलो. भर दुपार, उघडी रानं, माणूस नाही की जनावर नाही. आणि मागून, अगदी जवळून, ओळखीचा आवाज आला. दमलेला.

‘आक्का, लग्न लागलं का?’

मी वळणार होते. आईनं माझं मनगट आवळून धरलं. ती थांबली नाही, मागं पाहिलं नाही. रडत होती, पण आवाज तिनं तसाच ठेवला, जसा ती लहानपणी खेळून उशिरा येणाऱ्या त्याच्यासाठी ठेवत असे.

‘न्हाई रे संतू,’ ती म्हणाली. ‘तुझ्याचसाठी थांबलेत समदे. ये सावकाश.’

घरी आल्यावर तिनं खुंटीवरचा गुलाबी फेटा काढला, झटकला, आणि नीट घडी घालून पुन्हा तिथंच टांगला.